माझं मशीन बघ

लाइन तुटली की माझं डोकं फिरतं. टेलिफोनच्या वायरीतून हे इंटरनेट येतं, आणि थोडा वेळ कुणी हात लावला नाही की इथे माणूसच नाही असं समजून खुशाल तुटतं. हा कसला माज? माझी नलू मस्कतला एका घरात कामाला आहे. मालकाने तिचा पासपोर्ट कपाटात कोंडलाय. घर रिकामं मिळालं की ती त्याच्या कॉम्प्युटरवरून दोन ओळी लिहिते, आणि त्या वेळी मी लाइनवर नसले तर पोरगी तिथेच सडायची.

म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका चौकटीत मी छापखान्याच्या लग्नपत्रिका टाइप करते आणि चार ओळी झाल्या की नलूच्या चौकटीत जाऊन एक टिंब टाकून येते. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात दुसरं काय केलं? शेजारच्या मशीनवर शेवंता असायची. एक उठली की दुसरीने दोन्ही मशिनं सांभाळायची, तुटला धागा जोडायचा, हा आम्हा बायकांचा कायदा. मी जिन्यात बसून अक्षरं गिरवली ती तिच्या जिवावर. "तू शीक गं, मी बघते तुझं मशीन," म्हणायची. स्वतः अंगठाछापच राहिली, आणि संपाच्या दुसऱ्या वर्षी औषधावाचून गेली. आमच्या मिलच्या जागी आता टॉवर उभा राहतोय. त्याला शिव्या घातल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही.

सोमवारी चाळीच्या नळाला पाणी आलं. शेजारच्या दुर्गेला म्हटलं, "जरा बस इथे, टिंब टाक."

"नको बाई काकी! त्या डबड्याचं काय बिघडलं तर तुम्ही मलाच नळावर धुवाल."

नुसती कडी लावून गेले, हंडा भरून आले. लाइन जिवंत होती. नलूच्या चौकटीत टिंबांची सरळ रांग.

"टाकलीस ना शेवटी?"

"मी? मी रांगेत तुमच्या मागेच होते की!"

मला भीती नाही वाटली, संताप आला. माझ्या मशीनला न विचारता हात लावणारं कोण? दुसऱ्या दिवशी कुलूप घालून दारातच उभी राहिले. आत गेले, तर टिंबं होतीच.

आज नलू आली.

"आई, पासपोर्ट मिळाला! निघतेय मी. कपाटाची किल्ली कुठे असते ते त्या मावशींनी सांगितलं."

"कुठल्या मावशी?"

"तू उठलीस की टिंबं टाकतात त्या. काल पहिल्यांदाच लिहिलं त्यांनी, वेगळ्या चौकटीत. एकेक अक्षर शोधत होत्या, किती वेळ लागला! आता त्यांना उठायचंय. म्हणाल्या, आईला सांग, आता माझं मशीन बघ."

नलूची चौकट मिटली. तिच्यामागे आणखी एक उघडी होती, मी न उघडलेली.

बाहेरून दुर्गा ओरडली, "काकी, पाणी आलं, उठा!"

तोंडात आलेली शिवी गिळली आणि त्या चौकटीत एक टिंब टाकलं.

"माझा हंडा तूच भर गं," म्हटलं. "मला आता उठता यायचं नाही."