चौदाशे तेरावा संदर्भ

डॉ. कुमुद बेलवलकरांच्या शोधनिबंधाचा जगात कुठेही कोणी संदर्भ दिला, की त्यांना ओळखणारं एक माणूस त्यांना विसरायचं. सुरुवात दूधवाल्यापासून झाली. मग त्यांच्या संशोधन संस्थेचा वॉचमन रोज नाव विचारू लागला, शाळेतल्या मैत्रिणी गेल्या, सासर गेलं. सासरचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

निबंध रोगप्रतिकारशक्तीवरचा होता. एका औषधाने उंदराच्या पेशी आपलं-परकं विसरतात आणि शेवटी शरीर स्वतःलाच ओळखेनासं होतं, असं त्यात सिद्ध केलं होतं. सिद्ध कसलं! पिंजरे धुवायच्या दिवशी कुमुदताईंनी तीन आणि चार नंबरच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या लावल्या होत्या. आजारी पडले ते औषध न मिळालेले उंदीर. ही चूक त्यांना दोन वर्षांनी जुन्या वहीत सापडली, पण तोवर पहिला सत्कार होऊन गेला होता. त्या गप्प बसल्या. पुढे पहिल्याने संदर्भ दिला म्हणून दुसऱ्याने दिला, दुसऱ्याने दिला म्हणून तिसऱ्याने. निबंध उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

दर शंभर संदर्भांना संस्थेत शाल-श्रीफळ असे. चौदाव्या वेळी संचालक पानवलकरांनी त्यांना दारातच थांबवलं.

"बाई, आपण?"

"मी कुमुद बेलवलकर."

"त्या यायच्यात अजून. आपण मागच्या रांगेत बसा ना."

शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली, नारळ खुर्चीत ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाईट दिसायला नको म्हणून कुमुदताईंनीही वाजवल्या.

त्या आठवड्यात आणखी बारा संदर्भ आले. बारावा आला तेव्हा त्यांचे यजमान अच्युतराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, नमस्कार केला आणि आत जाऊन पाणी आणलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पाण्यासाठी स्वतः कधी उठला नव्हता. कुमुदताईंनी पाणी घेतलं आणि त्यांना रडू आलं.

आता लेक उरली होती, केतकी. ती गेली असती तर कुमुदताईंना जगात कोणी तू म्हणणारं राहिलं नसतं. त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या कचेरीत फोन लावला.

"मला निबंध मागे घ्यायचाय. त्यात चूक आहे, माझीच."

"घेता येईल," पलीकडचा माणूस म्हणाला. "तसं पत्र पाठवा. शेवटी मूळ निबंधाचा संदर्भ द्या."

"तो संदर्भ मोजला जातो?"

"संदर्भ तो संदर्भ, बाई. मोजावाच लागतो."

"आणि न देता पाठवलं तर?"

"मग कुठला निबंध मागे घेताय, ते आम्हाला कळणार कसं?"

"गेलेली माणसं परत येतात का?"

"तो विभाग आमच्याकडे नाही."

कुमुदताईंनी पत्र लिहिलं. केतकीला सगळं ठाऊक होतं. ती शेजारी स्टूल ओढून बसली.

"पाठव तू," ती म्हणाली. "नाही पाठवलंस तर उद्या कोणीतरी न वाचता देणारच आहे. मी तुझा हात धरून बसते. बघू कशी विसरते ते."

"आणि विसरलीस तर?"

"तर तू मला सांग ना, तू कोण ते."

तिने दोन्ही हातांनी आईचा डावा हात धरला आणि डोळे मिटून पाढे म्हटल्यासारखं आई, आई, आई म्हणायला लागली. कुमुदताईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं आणि पत्र पाठवलं.

संगणकाच्या पडद्यावरचा संदर्भांचा आकडा चौदाशे बाराचा चौदाशे तेरा झाला.

केतकीने एक डोळा उघडला, मग दुसरा. ती हसायला लागली.

"आई, मला आठवतंय. सगळं आठवतंय. तू माझी आई. आई, अगं बघ ना."

मुलगी गोड होती, पण हात फारच घट्ट धरून बसली होती. खुर्चीतल्या बाईंनी तो हळूच सोडवून घेतला आणि तिची आई कुठे उभी आहे ते बघायला मागे वळल्या.