बिनकुलपाचं घर

इस्पितळातली नोकरी सोडताना ताईच्या मनात एक गोष्ट पक्की होती. आपण वृद्धाश्रम काढायचा, पण तिथं दाराला कुलूप लावायचं नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना कोंडलेलं तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. धाकटा भाऊ व्यवहाराला पक्का. त्यानं या बिनकुलपाच्या दाराचाच धंद्याचा मुद्दा केला. बाकीचे कोंडून ठेवतात, आम्ही मोकळं ठेवतो, असं तो येईल त्याला सांगायचा. लोकांना ते पटलं. खोल्या भराभर भरल्या.

उघड्या दाराला माणसं जास्त लागतात, हे दोघांनी धरलं होतं. ती टिकत नाहीत, हे धरलं नव्हतं. ओल्या चादरी, शिव्या, ओरखडे सोसून कामाला ठेवलेल्या मुली कंटाळायच्या आणि काम सोडून जायच्या. एका दुपारी दोघीच कामावर होत्या, एक स्वयंपाकघरात आणि एक कुणाला तरी आंघोळ घालत. तेवढ्यात तिथं राहणारे एक म्हातारे घड्याळजी फाटकातून बाहेर पडले. संध्याकाळी मागच्या कालव्यात त्यांचं प्रेत सापडलं.

त्यांच्या मुलानं आरडाओरडा केला नाही. वडिलांच्या चपला पिशवीत घालून तो ताईला एवढंच म्हणाला, "दार उघडं असतं म्हणूनच त्यांना इथं आणलं होतं."

दुसऱ्या दिवशी कुलूप बसलं. माणसं मिळेपर्यंतच, असं भावानं सांगितलं आणि ताईनं मान डोलावली. पण कुलूप लागलं तशी म्हातारी मंडळी दार बडवायला लागली. त्यांतल्या एक बाई सगळ्यांत जास्त बडवायच्या. एके काळी शाळेत शिकवायच्या. इथंही रोज बागेत फेऱ्या मारता मारता भेटेल त्याचे उच्चार सुधारायच्या. आता त्यांच्या आवाजानं बाकीचे बिथरायचे. डॉक्टरांनी त्यांना गोळी लिहून दिली, मग हळूहळू इतरांनाही. घर शांत झालं. कमी माणसांत काम भागायला लागलं. भावानं जाहिरातीतलं 'मोकळं' काढून 'सुरक्षित' घातलं, आणि विचारणा आणखी वाढली.

एकदा बाईंची मुलगी भेटायला आली. आई खुर्चीत तोंड उघडं टाकून बसली होती.

"तुमचे उपकार आहेत," मुलगी ताईला म्हणाली. "पूर्वी अंगावर धावून यायची. आता किती शांत असते."

ताईला ते फार लागलं. कुणाला न विचारता तिनं बाईंची गोळी थांबवली. दोन-तीन दिवसांत बाईंच्या नजरेत जाग आली. कुठल्या वर्गात आहेस गं, असं त्यांनी ताईला विचारलं. ताईला भरून आलं. तिनं त्यांना हाताला धरून बागेत नेलं, मनसोक्त फिरवलं. मग आतून कुणीतरी पडल्याची हाक आली, आणि बाईंना आत आणून कुलूप लावावं लागलं.

बाई दारावर तुटून पडल्या. घरी पोरं एकटी आहेत, मला जाऊ दे, म्हणत ताईच्या पाया पडायला लागल्या. ताईनं भावाला फोन लावला. काहीही कर, पण आजच्या आज दोन माणसं पाठव, म्हणाली.

"ताई," भाऊ म्हणाला, "माणसं असती तर कुलूप लावलंच नसतं."

अंधार पडेपर्यंत बाईंची बोटं रक्ताळली. ताईनं ती पुसली, गोळी पाण्यात विरघळवली आणि त्यांचं डोकं छातीशी धरून घोट घोट पाजली.

"पोरं जेवली, बाई. झोपलीसुद्धा," ती सांगत राहिली.

बाई हळूहळू तिच्या खांद्यावर कलंडल्या. त्यांना अंथरुणावर निजवून ताई पुढच्या खोलीत चादर बदलायला गेली.