तू काय पाहिलंस?

प्रोफेशनल फुटबॉल क्लबात दोन वर्षं रिद्धी राखीव गोलकीपर म्हणून बाकावरच बसली. पण मॅच संपली की कोच हरिचंद्र सर आधी तिच्यापाशी येत. "तू काय पाहिलंस?" असा राग यायचा तिला! पण सांगायचं म्हणजे पाहावंच लागे.

मग फायनलला तिची पाळी आली, आणि तिने तीन पेनल्टी अडवल्या. समोरची कोण कुठे मारते, हे बाकावरच पाठ झालं होतं.

जांभूळला, तिच्या गावी, तिचा सत्कार झाला. स्टेजवर पुढाऱ्यांची ही गर्दी. सर मात्र शेवटच्या रांगेत. बॅनरवर त्यांचं नावसुद्धा नाही! रिद्धी तडक खाली उतरली, आपली शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि शेजारी बसली.

"सर, आज तुम्ही काय पाहिलंत?"

"कीपर गोल सोडून बाहेर आली," सर शाल सावरत म्हणाले. "पण वेळेवर आली."