रुतलेली हातगाडी

वाशीच्या एपीएमसी मार्केटात अब्बांना डबा द्यायला आलेली अकरावीतली अलिशा नाक दाबून उभी होती. त्यांच्या गाळ्यासमोर सडक्या टोमॅटोंची हातगाडी चिखलात रुतली होती. आंबूस वास सुटला होता. दोन हमाल दोर बांधून गाडी ओढत होते, एक डावीकडे, दुसरा उजवीकडे.

"अजून जोर लावा!" अब्बा ओरडले.

"जोर भरपूर आहे, अब्बा. दिशा चुकतेय. दोघांनी सरळ समोर ओढा."

तसं ओढताच गाडी सुटली आणि सडका रस अलिशाच्या पायांवर उडाला.

"शी!"

काल तपासून मिळालेल्या फिजिक्सच्या पेपरात तिनं बलाचं नुसतं परिमाण लिहिलं होतं, दिशा नाही. मार्क का कापले, ते तिला आता पटलं. पण आधी ती नळाकडे धावली.