सहाशे बारा गाणी

स्केटिंगच्या बाईंनी तळहाताएवढी हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, हा कॉम्प्युटर कधी मान टाकेल नेम नाही. सगळी गाणी यावर हलव. पुढच्या महिन्यापासून क्लास चिमणी बघणार आहे."

झालं! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी काही कुणाची सख्खी मावशी नव्हे. हॉलच्या कोपऱ्यात बसून अठरा वर्षं गाणी लावायची, म्हणून ती सगळ्या पोरींची मावशी. क्लास आपल्या हाती येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं; पण आपल्यावाचून तो चालायचा नाही, एवढं मात्र पक्कं वाटायचं. आता तेही त्या चपट्या डबीत बसणार होतं.

आणि कुणासाठी? तर चिमणीसाठी! पाच वर्षांची असताना आली होती, नाक पुसायची अक्कल नव्हती. पुढे काय तर म्हणे तिची ती उलटी गिरकी. डावा खांदा किंचित पाडून पोरगी अशी वळायची की बाई शिकवायचं सोडून बघत राहायच्या. "हे शिकवून येत नाही गं मावशी, उपजतच असावं लागतं." हे वाक्य मावशीनं शंभरदा ऐकलं होतं, आणि शंभरही वेळा तिच्या पोटात दुखलं होतं. कारण अठरा वर्षांत बाई तिला काय म्हणाल्या होत्या? "लाव" आणि "बंद कर".

तरी मावशीकडे एक हुकमाचं पान होतं. गाण्यांना तिनं गाण्यांची नावं कधी दिलीच नव्हती. ज्या पोरीसाठी गाणं कापून बेतलं, तिचं त्या दिवशी काय झालं, ते नाव. 'चाक निखळलं'. 'नाक फुटलं'. 'दोन वेण्या, एक सुटलेली'. 'आईशी भांडून आली'. बाई "लाव" म्हणाल्या की मावशी पोरीकडे बघायची आणि डोळे मिटून गाणं काढायची. कुठलं नाव कुणाचं, ते एका वहीत लिहिलेलं होतं. वही कॉम्प्युटरच्या खाली असायची. मावशीनं इकडे तिकडे बघितलं आणि वही गुपचूप पिशवीत टाकली.

घे म्हणावं गाणी! बस शोधत!

मग ती निवांतपणे गाणी हलवायला बसली. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि कॉम्प्युटर रिकामा होत होता. सगळ्यात शेवटी राहिलं ते एक गाणं, तेवढ्यात चिमणी आलीच.

"वही कुठंय गं?" बाईंनी विचारलं.

"हरवली केव्हाच," मावशी म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"अगोबाई! मग हिला कसं कळायचं?"

मावशीनं खांदे उडवले आणि पिशवी मांडीवर घेतली. आता येईल पोरगी गयावया करत, रोज फोन करील, मावशी हे कुठलं, मावशी ते कुठलं. मग बघू.

चिमणी खुर्ची ओढून बसली, यादी वाचली आणि खुदकन हसली. "'नाक फुटलं'! बाई, ती हो, आता वकील झालीये ती! 'दोन वेण्या' म्हणजे दुकानदारांची धाकटी. आणि 'चाक निखळलं' तर मीच की! मावशी, अजून ठेवलंयस तू ते?"

ती एकेक गाणं लावत गेली आणि एकेक पोरगी ओळखत गेली. एकही चुकली नाही. सतरा वर्षं ती याच हॉलमध्ये होती, हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. पिशवीतली वही आता रद्दीत टाकायच्या लायकीची झाली. मावशीला हसावं की त्या पोरीच्या झिंज्या उपटाव्यात, कळेना.

"आणि हे एक राहिलंय. 'रविवार, हॉल रिकामा'," चिमणी वाचता वाचता थांबली.

बाईंनी चष्मा वर केला. "हे कुणाचं? रविवारी कुठं क्लास असतो? काढून टाक, उगाच अडगळ."

मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

"नको बाई," चिमणी हळूच म्हणाली. "हे मावशीचं आहे. रविवारी ती स्केटिंगचे बूट घालायची. मी दाराच्या काचेतून बघायचे. लहान होते, आत यायचं धाडस नव्हतं. माझी ती गिरकी आहे ना, ती तिचीच बघून उचलली."

मावशीचा डावा गुडघा जन्माचा दुखरा. वळताना त्यावर भार पडू नये म्हणून ती खांदा पाडायची. आणि ज्या गिरकीपायी तिनं इतकी वर्षं स्वतःला जाळून घेतलं, ती तिची स्वतःचीच होती! म्हणजे तीसुद्धा या पोरीनंच नेली. टाळ्याही हिलाच.

बाई मावशीकडे वळल्या. "तुला स्केटिंग येतं?"

"अठरा वर्षांत विचारलंत कधी?"

चिमणीनं ते शेवटचं गाणं हलवायला माऊसवर हात ठेवला, तसा मावशीनं तो धरला.

"गिरकी नेलीस, क्लास नेलास. हे नाही मिळायचं."

चिमणीनं हात मागे घेतला. मावशीनं पिशवीतून वही काढली, टेबलावर आपटली आणि म्हणाली, "ही घे. तुला लागायची नाही, पण घे." मग तिनं सहाशे बारा गाण्यांची ती डबी स्वतःच्या हातानं काढून पोरीपुढे सरकवली. जीव जळायचा थांबला का? छे! पण जुन्या कॉम्प्युटरवर आता एकच गाणं होतं, आणि ते कुणाचं, हे बाईंना ठाऊक झालं होतं.