देव्हाऱ्यातले ग्रीक कासव

मित्रांनो, मी चांदीचे एक फार जुने नाणे आहे. माझ्या एका बाजूला कासव आहे आणि दुसऱ्या बाजूला ठोक्याने पडलेला चौकोनी खड्डा. ग्रीसच्या एजिना बेटावर एका कारागिराने चांदीचा गोळा तापवला, साच्यावर ठेवला आणि वरून घण घातला. घाव थोडा तिरका बसला, म्हणून माझ्या कासवाचा एक पाय काठाबाहेरच राहिला. पुढे तेल, मासे, धान्य यांच्या बदल्यात मी कितीतरी हातांतून फिरले आणि शेवटी मातीखाली गेले. तिथे अंधारात माझ्यावर काळसर रंग चढला.

कोल्हापुरात मला पिराजीसरांनी आणले. ते शाळेत इतिहास शिकवत. पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी मला पाहिले आणि माझ्यासाठी स्कूटर विकली. पुढे कित्येक वर्षे ते मंगळवार पेठेतून शाळेपर्यंत पायी जात. त्यांच्याकडे ग्रीक नाणी तीसेक होती, पण संध्याकाळी अंगठा फिरायचा तो माझ्यावरच.

त्यांची थोरली बहीण आक्का त्यांच्याकडेच राहायची. आई लवकर गेली, तेव्हा शाहूवाडीत म्हशी राखून, दुधाचा रतीब घालून तिनेच त्यांना शिकवले. माझ्यावरचे कासव पाहून तिने हात जोडले. "देवळात असतंय तेच की हे!" लक्ष्मीपूजनाला तिने मला अल्बममधून काढले, चिंच लावली, रांगोळीने खसाखसा घासले आणि देव्हाऱ्यात ठेवले. मी लखलखू लागले. सरांनी पाहिले. मला उचलून त्यांनी दिव्यापाशी धरले. मग म्हणाले, "झ्याक दिसतंय की, आक्का!"

मला वाटले, ते खूश झाले. मग दर दिवाळीला हेच; पूजा झाली की मी परत अल्बममध्ये.

यंदा श्रावणात सर गेले. त्यांची लेक स्वप्नाली बेंगळुरूहून आली. आक्काला आपल्याकडे न्यायचे आणि बाबांची नाणी जाणत्या माणसाच्या हाती सोपवायची, असे तिने ठरवले. त्यासाठी उदयसिंह नावाचे संग्राहक घरी आले. एकेक नाणे ते भिंगाखाली धरत, मान डोलवत. माझ्यापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला.

"अरारारा! ह्याचं तर सालपट काढलंय! कुठल्या शान्यानं घासलं हे? काळा रंग हीच ह्याची श्रीमंती हुती. मातीमोल केलं की!"

स्वयंपाकघरातून चहा घेऊन आक्का येत होती. "काय झालं, पावणं?"

घासणारे हात कोणाचे, हे स्वप्नालीला ठाऊक होते. तिचा चेहरा लाल झाला. बाबांनी ज्याच्यासाठी पायपीट केली, त्याचे हे असे! "आक्का, तू..." ती बोलू लागली. तेवढ्यात अल्बममधल्या माझ्या कप्प्यातून घडी घातलेली चिठ्ठी खाली पडली. अक्षर सरांचे होते.

"लक्ष्मीपूजन. आक्काने घासले. बाजारात आता मोल नाही. आक्काला कळू देऊ नये. हे विकू नये."

स्वप्नालीने ती दोनदा वाचली. मग उदयसिंहांपुढे सरकवली. त्यांनी वाचली, खाकरले आणि मोठ्याने म्हणाले, "काय न्हाय, आक्का! मी दुसऱ्याच नाण्याचं बोलत हुतो. कासव झ्याक हाय. पर द्येवाचं हाय, मी नेत न्हाय."

"मग उगंच आरडून माझा चहा सांडला की वो," आक्का म्हणाली.

बाकीची नाणी ते घेऊन गेले. आक्काने मला पदराने पुसले. "स्वप्ने, तुझ्याकडं चिंच मिळतीया का गं? दिवाळीला लागंल."

"मिळते," स्वप्नाली म्हणाली. "पण ह्या वर्षी आपण त्याला नुसत्या पाण्यानं धुऊया, आक्का."

"का गं?"

"कासवच ते. त्याला पाणीच बरं वाटेल."

आक्काला ते पटले.

मित्रांनो, जुने नाणे कधीही घासू नका. त्यावरचा काळा रंग म्हणजे त्याचे वय. पण कोणी नकळत, मायेने घासलेच, तर तोंड उघडण्याआधी थोडे थांबा. माझा रंग पुन्हा चढायला कदाचित शंभर वर्षे लागतील. मला घाई नाही. आक्का मात्र ऐंशीची आहे.