टेकडीवरचा खांब

शाझिया आणि सुकलाल धुळ्यात, देवपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात पीएचडी करत होते. शून्य-एकची माहिती रेडिओलहरीवर कशी चढवली तर ती अगदी थोड्या विजेवर डोंगर ओलांडून जाईल, हा दोघांचा विषय. सातपुड्यातल्या नाल्यांना पूर आला की खालच्या पाड्यांना आधी कळावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. सुकलाल त्याच भागातला, म्हणून अँटेनाचा खांब त्याने आपल्याच पाड्यामागच्या टेकडीवर उभारला होता.

त्या जुलैत पावसाने दडी मारली. पेरलेलं जळालं. असल्या खांबांमुळे ढग पळतात, असा व्हिडिओ पाड्यावरच्या मोबाइलांवर फिरू लागला.

दोघं दुपारी जीप घेऊन फिल्टर बदलायला टेकडीवर गेले. नको त्या लहरी अडवणारी ती पितळेची डबी शाझियाच्या अब्बांनी, हनीफभाईंनी, आपल्या दुकानात घडवली होती. ती बसवून होते न होते तोच माणसं वर चढताना दिसली. पुढे तोताराम, सुकलालचा सख्खा काका. हातात कुऱ्हाड.

"सुकलाल, हाई काय शे? बठ्ठा ढग यामुये पयी गयात."

"काका, हाई पूरनी खबर देस. ढगसले काहीच करस नही."

"मंग पाऊस कोठे शे?"

मागून दगड आला. शाझियाचं कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं.

"सुकलाल, काढू या," ती ओरडली. "खांब पुन्हा उभा करता येईल!" तिने स्वतःच ताणाच्या तारा सोडल्या. खांब कोसळून दोन तुकडे झाला. लोकांनी यंत्राचा चेंदामेंदा केला. आता भागलं असेल, असं तिला वाटलं.

भागलं नव्हतं. सुकलालला खाली पाडून लाथा सुरू झाल्या. तो "काका, काका" म्हणत राहिला. डोकं झाकायला त्याने हात वर नेला आणि तोतारामची कुऱ्हाड त्या हातावर उतरली. कुऱ्हाड पुन्हा वर गेली, तेव्हा शाझियाने खांबाचा तुटका पाइप उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तोतारामच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तो गुडघ्यांवर बसला. जमाव थिजला. तेवढ्यात ती सुकलालला ओढत जीपपर्यंत पोचली.

सुकलालची दोन बोटं गेली. तोतारामचा जबडा मोडला, डावा डोळा गेला. दोन्हीकडून गुन्हे नोंदले गेले, आणि काका-पुतण्या दोघांनाही धुळ्याच्या एकाच सरकारी दवाखान्यात आणलं.

चालता येऊ लागताच सुकलाल म्हणाला, "काकाकडे घेऊन चल."

"त्यांनी तुला मारून टाकलं असतं."

"माहीत आहे. आश्रमशाळेत मला खांद्यावर बसवून त्यांनीच पोचवलं होतं."

तोतारामला बोलता येत नव्हतं. पुतण्याच्या बँडेजकडे त्याने पाहिलं, तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलू लागले.

त्याची बायको झुंबरबाई शाझियाकडे बघत म्हणाली, "तूच ना ती?"

"हो."

माफी मागावी, असं शाझियाच्या मनात आलं. पण पाइप उचलला नसता तर सुकलाल आज इथे उभा नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झुंबरबाईने स्टूल सुकलालकडे सरकवलं. शाझियाला कुणी बस म्हटलं नाही. ती दाराशी उभी राहिली, निघून मात्र गेली नाही.